पेन्शनीतला कॅमेरा

चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर कॅमेरा हाती घेतला आणि आता सत्तरी ओलांडल्यावर तोच पूर्णवेळचा उद्योग झाला आहे. ओळखीचे लोक विचारतात, "ताडोबाला किती वेळा गेलात?" वाघाचा फोटो नाही तो वन्यजीव छायाचित्रकारच नव्हे, असा एक समज आहे. मला तो पटत नाही.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतली माणसं काही दुष्ट नसतील हो. सुट्टी दोन दिवसांची, पैसे भरलेले, मग फोटो तर हवाच! नोकरदाराची ही घाई मी समजू शकतो. पण आपल्या वयाच्या माणसाने तीच घाई करावी? लाखाची लेन्स नसेल, गुडघे कुरकुरत असतील, पण वेळ भरपूर आहे. आणि या कामाला तोच लागतो.

शिवाय नवी मुंबईकराने लांब जावं कशाला? ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं. हिवाळ्यापासून मे अखेरपर्यंत रोहित पक्षी इथे असतात, बहुतेक लहान रोहित. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात. भरतीने चिखल बुडाला की विसाव्याला नेरुळ-सीवूड्सच्या उथळ तळ्यांवर येतात. म्हणून माझं वेळापत्रक भिंतीवरच्या कालनिर्णयावर चालतं. कोकणातला जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अंदाजच तो, पण सकाळचं कोवळं ऊन आणि भरती एकत्र कधी येणार ते कळतं. जायचं आणि मुकाट बसायचं. काहीजण थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवतात, खडे मारतात. उडताना पंखांचा गुलाबी रंग सुंदर दिसतो खरा, पण विसाव्याला आलेल्याला उठवायचं? दुपारी पडलेल्या पेन्शनरला कोणी असं उठवून बघावं!

प्रत्येक फोटोची तारीख, तिथी, वेळ आणि पक्ष्यांची अंदाजे संख्या मी वहीत लिहितो. हजेरी घेण्याची जुनी सवय, दुसरं काय. पुष्कळ फोटो अगदी सामान्य असतात. पाणी कमी, पक्षी लांब, मागे इमारती. तेच मला जास्त मोलाचे वाटतात. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी येईनासं झालं, तळं सुकलं. त्या भागात काही रोहित मेलेलेही सापडले. २०२५ मध्ये हे तळं संवर्धन राखीव करण्याचा निर्णय झाला, आनंद आहे. पण उद्या पाणी पुन्हा आटलं आणि कोणी विचारलं की इथे पूर्वी किती असायचं, तर वाघांच्या अल्बममध्ये त्याचं उत्तर नाही. त्याच काठावरून महिनोन् महिने कोणीतरी काढलेले कंटाळवाणे फोटोच तेव्हा कामाला येतील.

आमच्या सोसायटीतले एकजण येत्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत. कोणता कॅमेरा घेऊ, म्हणून परवा विचारत होते. म्हटलं, आधी एक दुर्बीण आणि शंभर पानी वही घ्या. कॅमेऱ्याचं एक मोसम संपल्यावर बघू.