विश्लेषण : शतायुषी ‘कम्युना’ लक्ष्य का ठरली?

सेवास्तोपोल बंदरातील रशियन नौदलाच्या ‘कम्युना’ या बचावनौकेवर २१ एप्रिल २०२४ रोजी मारा केल्याचा दावा युक्रेनने केला. हल्ला परतवला, केवळ अवशेष पडून किरकोळ आग लागली, असे तेथील रशियन प्रशासनाने सांगितले.

बुडालेल्या पाणबुड्या वर काढण्यासाठी बांधलेली ही नौका १९१५ मध्ये सेवेत आली. लेनिनग्राडच्या वेढ्यात बॉम्बहल्ल्यांत तिचे नुकसान झाले, तरी ती कार्यरत राहिली.

एवढ्या जुन्या नौकेवर क्षेपणास्त्र खर्च करण्यामागे भूगोल आहे. १९३६ च्या माँत्रो कराराच्या आधारे तुर्कस्तानने फेब्रुवारी २०२२ अखेर सामुद्रधुन्या युद्धनौकांसाठी बंद केल्या. त्यामुळे काळ्या समुद्रात पर्यायी नौका आणणे रशियाला अवघड आहे. जखमी ताफा सावरणारी नौका गमावल्यास प्रत्येक पुढचे नुकसान अधिक महागात पडते.