घरात नवी मांजर येते तेव्हा

गोरेगावच्या चाळींत आणि म्हाडाच्या खोल्यांत जागा कमी, पण मांजर अनेक घरांत असते. पावसात भिजलेले पिल्लू मुले उचलून आणतात, जुनी मांजर फिस्कारते आणि दोन दिवसांत वैतागून मोठी माणसे पिल्लू बाजारात सोडून येतात. आम्ही म्हणतो, जरा थांबा. जुनी मांजर दुष्ट नाही. तिने आपली हद्द वासाने आखलेली असते. त्या हद्दीत परका वास शिरलेला असतो.

म्हणून आधी ओळख वासाची करावी. पिल्लू डॉक्टरांना दाखवून घ्यावे, लस टोचावी. नंतर त्याला मोरीत, नाहीतर चादर टाकलेल्या पिंजऱ्यात वेगळे ठेवावे. एकाच्या अंगावर फिरवलेले फडके दुसऱ्याच्या ताटलीजवळ ठेवावे. दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खायला द्यावे. दोघे निवांत जेवू लागले की दार थोडे उघडावे. ताटल्या वेगळ्या असाव्यात, रेतीची घमेली शक्यतो मांजरांपेक्षा एक जास्त. जुंपलीच तर हात न घालता मध्ये पुठ्ठा धरावा. जुनीला मारू नये. त्या माराचा रागही ती पिल्लावरच धरते.

पिल्लाला काही आठवडे लागतात, मोठ्या मांजरीला काही महिने. दोघी कुशीत झोपल्या नाहीत तरी चालेल, एका खोलीत शांत बसल्या की पुरे. पाळलेला जीव उपाशी मरायला सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मुलांना हे अवश्य सांगावे.