आधी घर, मग हॅमस्टर



वाढदिवसाला हॅमस्टर भेट देण्याची हौस आता आपल्या मुलांतही आली आहे. चारमिनारजवळचा मुर्गी चौक पक्षी-प्राण्यांच्या विक्रीसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. आता हॅमस्टर मोहल्ल्यातल्या दुकानांतही मिळतो. प्राथमिक वर्गात एक हॅमस्टर ठेवावा, मुलांना भूतदया शिकता येईल, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. हेतू चांगला आहे, तरी माझे मत या सूचनेच्या विरुद्ध आहे. त्याची कारणे सांगते.

हॅमस्टर हा रात्री जागणारा प्राणी. आपल्या शाळेची वेळ ही त्याची झोपेची वेळ. चाळीस मुलांच्या गलक्यात तो झोपणार कसा? रात्री त्याला जाग येईल तेव्हा शाळेत कोणी नसेल. रविवार, दसऱ्याची सुटी आणि एप्रिलअखेरपासून जूनपर्यंतची उन्हाळी सुटी यांत त्याला पाहणार कोण? मे महिन्यात हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो. हॅमस्टरला साधारण 18 ते 24 अंश तापमान मानवते. तिशीच्या पुढे उष्माघाताचा धोका असतो. बंद वर्गखोलीत त्याचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

घरी मात्र हे जमू शकते. अट एकच: आधी घर तयार करा, मग पाहुणा आणा. दुकानात त्याच्यासोबत मिळणारा रंगीत पिंजरा बहुधा फार लहान असतो. जर्मनीतील प्राणिसंरक्षण करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने किमान 100 सें.मी. लांब, 50 सें.मी. रुंद आणि 50 सें.मी. उंच जागा सुचवली आहे. काचेची जुनी मासळीची टाकी किंवा प्लास्टिकची मोठी पेटी चालते. वरचे झाकण लोखंडी जाळीचे आणि घट्ट बसणारे हवे. गजांचा पिंजरा असेल तर दोन गजांतले अंतर 1 सें.मी.पेक्षा जास्त नको. डोके शिरले की अंग शिरलेच, आणि बाहेर मांजर असतेच.

तळाशी कागदाचा लगदा, न छापलेल्या कागदाच्या पट्ट्या किंवा सुके गवत यांचा जाड थर द्या. देवदार-चीड यांचा वासाचा भुसा नको, आणि कापूस तर मुळीच नको. त्याचे धागे पायात अडकतात, पोटात जातात. हा प्राणी मुळात बिळात राहणारा. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झालेल्या एका अभ्यासात (2006) 10, 40 आणि 80 सें.मी. थरांची तुलना केली होती. 10 सें.मी. थरावरचे हॅमस्टर पिंजऱ्याचे गज जास्त कुरतडत होते. गज कुरतडणे म्हणजे खेळ नव्हे, ती परेशानी आहे.

फिरते चाक सलग पृष्ठभागाचे असावे. सळ्यांच्या चाकात पाय अडकून मोडतो. सोनेरी हॅमस्टरसाठी चाकाचा व्यास 20 सें.मी.पेक्षा कमी नसावा. लहान चाकात पाठ वाकते. पाण्याची बाटली, लपायला लाकडी खोके, आणि जागा अशी की ऊन, कूलरचा थेट झोत आणि टीव्ही यांपासून दूर. एका घरात एकच सोनेरी हॅमस्टर. ‘बिचारा एकटा आहे’ म्हणून जोडी आणाल तर ती एकमेकांना जीव जाईपर्यंत चावतात.

या चिमुकल्याचे आपल्यावर उपकारही आहेत. आपल्या शहरातील भारत बायोटेकने कोव्हॅक्सिन बनवली, तेव्हा 2020 साली तिची एक चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत सोनेरी हॅमस्टरवर झाली. मूळ सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेवरचा हा प्राणी आज रानात दुर्मिळ झाला आहे.

कायदाही आपल्याला मोकळे सोडत नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. मग लहानसा पिंजरा भेट देऊन आपण मुलाला काय शिकवतो? जीव ही वस्तू आहे, एवढेच ना?

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत मूलही ‘पालते’ आणि जनावरही ‘पालते’; क्रियापद एकच. मराठीत आपण मूल वाढवतो आणि जनावर पाळतो. पण आईवडिलांना शब्द वापरतो तो ‘पालक’ हाच. हॅमस्टर जेमतेम दोन-तीन वर्षे जगतो. तेवढी वर्षे रोज पाणी बदलणे आणि ओली घाण काढणे हे मुलाच्या नावाने आणलेल्या जिवाचे काम शेवटी आईच्या गळ्यात पडणार असेल, तर आणू नका.

विश्वस्त मंडळींना विनंती, वर्गात पिंजरा ठेवण्याची सूचना मान्य करू नये. त्याऐवजी उन्हाळ्यात आवारात पक्ष्यांसाठी मातीची पाण्याची भांडी ठेवावीत; सुटीत ती भरण्याची जबाबदारी जवळ राहणाऱ्या मुलांनी वाटून घ्यावी. आणि मुलांनो, हॅमस्टर हवाच असेल तर आधी महिनाभर रिकामे घर मांडा, रोज त्यातले पाणी बदला. महिना न चुकता झाला, तर मग आईबाबांकडे हट्ट धरा. तो हट्ट रास्त आहे, असे मी स्वतः त्यांना सांगेन.

— मुख्याध्यापिका