वाटणीत न येणारे पैसे

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये टॅक्सचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "महाराष्ट्राने कमवायचं आणि बिहारने खायचं!" मला हे पटत नाही. घरातला कमावता भाऊ जास्त देतोच की. माझं भांडण वेगळं आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला. ऐकायला मस्त. पण घटनेच्या कलम २७० प्रमाणे सेस आणि सरचार्ज या वाटणीत येतच नाहीत! २०२१ च्या बजेटनंतर पेट्रोलवर केंद्राचा कर लिटरमागे ३२ रुपये ९० पैसे होता. त्यातले वाटणीत किती? फक्त १ रुपया ४० पैसे. म्हणजे एचआरची जुनीच ट्रिक... बेसिक एवढासा ठेवायचा, बाकी सगळं अलाउन्समध्ये, आणि पीएफ मात्र बेसिकवर!

यात महाराष्ट्राचं नुकसान आणि बिहारचंही. सरकारी दवाखाने, पोलीस, गावचे रस्ते शेवटी राज्यांनाच बघायचे असतात. म्हणून सेसला मुदत हवी. मुदत संपली की तो बंद करा, नाहीतर वाटणीत घ्या.

असो. सोमवारी कॅन्टीनमध्ये भांडायचंच असेल, तर यावर भांडूया!