पऱ्हाटी आणि कतरनचा व्यापार कोण करणार?

फेब्रुवारी-मार्चमध्ये पैठण रस्त्याने चितेगावकडे येताना दोन्ही बाजूंच्या रानांतून धूर दिसतो. कापूस वेचून झालेला असतो, उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग लागलेले असतात आणि शेतकरी त्यांना काडी लावतो. त्याचा दोष नाही. पऱ्हाटी तशीच ठेवली तर तिच्यावरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या पिकावर येते. गिऱ्हाईक नसेल तर तो दुसरे काय करणार?

चितेगावात अजित सीड्ससारखी बियाण्याची कंपनी आहे. 2002 साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि बियाण्यातून जैवतंत्रज्ञान आपल्या रानात आले. त्याच झाडाची काडी मात्र अजून जळते आहे. हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच आपल्या व्यापाऱ्यांचाही आहे.

कापडवाले, शिंपी, पिंजारी, भंगारवाले असे आपण सारे ज्या मालावर पोट भरतो त्याचे शास्त्रीय नाव सेल्युलोज. कापसात ते नव्वद टक्क्यांहून अधिक असते. पऱ्हाटीत आणि उसाच्या चिपाडातही तेच असते, फक्त लिग्निन नावाच्या चिवट पदार्थाने जखडलेले. आपल्या बुजुर्गांना नाव ठाऊक नव्हते, हुनर ठाऊक होते. खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात मुसलमान कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या चिंध्या कुटून त्यांच्या लगद्याचा कागद केला.

आज सेल्युलोज फोडण्याचे काम एन्झाइमही करते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी फौजेचे सुती कापड कुजू लागले. शोध घेतल्यावर एक बुरशी सापडली; तिला आता ट्रायकोडर्मा रीसाय म्हणतात. असल्या बुरशीपासून निघणारे सेल्युलेज हे एन्झाइम कापडावरचे बारीक तंतू खाते. आपण ‘बायोवॉश’ म्हणून विकतो तो माल हाच.

त्याची किंमत मी एकदा मोजली आहे. बायोवॉश कुर्त्यांचा एक लॉट आला. हाताला मऊसूत, पण दोन धुण्यांत शिवणीजवळ फाटू लागला. धुलाईवाल्याने वेळ झाल्यावर पाणी तापवून एन्झाइम मारलेच नव्हते. ते धागा खात राहिले. गिऱ्हाइकांचे पैसे परत केले आणि तेव्हापासून या विषयाची माहिती घेऊ लागलो.

हेच तंत्र मोठ्या प्रमाणावर पानिपतला चालते. 10 ऑगस्ट 2022 रोजी तिथे इंडियन ऑइलच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची क्षमता आहे. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. हे इथेनॉल गाडीच्या टाकीत जाते. तरी कोणाला शंका असेल तर त्याने आलिमांना विचारावे.

एवढा कारखाना आपल्या आवाक्यातला नाही, हे खरे. पण लहान कामेही आहेत. मुंबईत माटुंग्याला 1924 पासून असलेल्या सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट, खत आणि धिंगरी अळिंबी तयार करण्याच्या पद्धती दाखवून दिल्या आहेत. अळिंबी तर घरातल्या बायकांनाही जमेल. उरलेल्या काडीचे खत होते.

अडचण आहे ती माल गोळा करण्याची. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते, पण ती जागा खाते. ट्रक भरतो, वजन भरत नाही. म्हणून रानातच तिचा भुगा करून मग उचलावी लागते. कतरनचे दुखणे वेगळे आहे. सेल्युलेज सूत खाते, पॉलिस्टर खात नाही. मिसळलेल्या कतरनला म्हणूनच भाव नाही. पांढरी, निव्वळ सुती होजिअरी कतरन हातकागदवाले मागून घेतात. धागा जाळला की सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि पॉलिस्टरची कडक गोळी होते, हे आपल्या दुकानातला पोऱ्याही सांगेल. म्हणजे ज्या छाननीवर माल महाग होतो ती आपल्याला येते. तरी आपण सगळे एका पोत्यात कोंबून भंगाराच्या भावात देतो आणि छाननीची कमाई दुसरा घेतो.

एका मोठ्या कारखान्याच्या पगारावर बाजार चालवायची आपल्याला सवय होती. तो बंद पडला तेव्हा उधारीच्या वह्या तशाच राहिल्या. पुन्हा कोणाची वाट पाहत बसण्यापेक्षा पाच-सहा दुकानदार आणि दोन-चार शेतकऱ्यांनी नफा-तोट्याच्या भागीदारीवर एक भुगा-यंत्र आणि छाननीची एक शेड उभी करावी. व्याजाचा प्रश्नच येत नाही. मात्र आधी गिऱ्हाईक ठरवावे, मग यंत्र घ्यावे.

आणि मुलामुलींना जैवतंत्रज्ञान शिकू द्यावे. माझी तालीम उर्दू शाळेत झाली; हे शब्द मी पन्नाशीत शिकलो. त्यांनी ते विशीत शिकावेत. इस्राफ टाळा, असे आपण ताटातल्या अन्नाविषयी सांगतो. रानातल्या आणि दुकानातल्या मालालाही ते लागू आहे.