यंत्र अडले की आधी प्लग काढावा

आषाढ लागला की मोहोपाड्यात कपडे वाळवणे ही घराघरांतील चिंता होऊन बसते. खालापूर तालुक्याच्या या भागात पाऊस एकदा बसला की उघडीप सहजी मिळत नाही आणि दोरीवरचे कपडे दमटच राहतात. अशा दिवसांत कपडे पिळून काढणारे वॉशिंग मशीन हा गृहिणीचा मोठा आधार असतो. नेमके त्याच वेळी ते मध्येच थांबते. आत पाणी साचलेले, दार उघडत नाही, मेकॅनिक दोन दिवसांनी येतो म्हणतो. मग गल्ल्यावरून उठून वर आलेला गृहस्थ पेचकस हाती घेतो. घरच्या घरी दोष शोधण्यात गैर काही नाही. मात्र हात कोठे घालावा आणि कोठे थांबवावा, हे आधी ठाऊक असावे.

रोजमेळ जुळला नाही म्हणून व्यापारी सगळ्या वह्या उसवत नाही. आधी बेरीज तपासतो, मग शेवटच्या नोंदी, मग पावत्या. यंत्राच्या बाबतीतही हाच क्रम हिताचा ठरतो.

पहिली नोंद विजेची. आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टची असते आणि ओल्या फरशीवर तिचा धक्का जीव घेऊ शकतो. केवळ बटण बंद करून भागत नाही. हात कोरडे करून, पायांत रबरी चप्पल घालून प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. यंत्राखाली पाणी पसरले असेल तर त्यात पाय न ठेवता घराचा मेन स्विच आधी बंद करावा. त्यानंतर यंत्राकडे येणारा पाण्याचा नळ बंद करावा. मुलांना दूर ठेवावे. एवढे झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

पाणी बाहेर जात नसेल, तर दोष बहुधा क्षुल्लक असतो. प्रथम सांडपाण्याची नळी कोठे दुमडली आहे का, ते पाहावे. समोरून दार असलेल्या यंत्रांत खालच्या कोपऱ्यात छोटी झडप असते. तिच्यामागे पंपाचा फिल्टर असतो. खिशात राहिलेले नाणे, गुंडी, केसांची पिन आणि सुती कपड्यांचा तंतू तेथे जाऊन अडकतो. गरम पाण्याची धुलाई चालू असेल, तर पाणी निवेपर्यंत थांबावे. खाली पसरट भांडे व जुने फडके ठेवावे. शेजारी छोटी नळी असल्यास आधी तिच्यातून पाणी काढावे, मग फिल्टर हळूहळू फिरवत सैल करावा. तो एकदम उघडल्यास साठलेले सारे पाणी फरशीवर येते. फिल्टर स्वच्छ धुऊन, घट्ट बसवून, सारे पुसून कोरडे केल्यावरच प्लग लावावा आणि कपडे न घालता एकदा यंत्र चालवून गळती होते का, ते पाहावे.

पाणी आतच येत नसेल, तर नळ पुरता उघडा आहे का आणि टाकीत पाणी आहे का, हे आधी पाहावे. पाणी गाळून घेण्याची रीत आपल्या घरांत जुनीच आहे. यंत्रही तेच करते. त्याच्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते. पावसाळ्यात गढूळ पाण्याचा गाळ आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार तिच्यात साचतात. जुन्या दातघासणीने ती साफ होते. यंत्र धडधडत असेल, तर चादरी एका बाजूला गोळा झाल्या असतील. त्या मोकळ्या करून पसराव्यात. फेस अधिक होत असेल, तर पावडर कमी करावी. पडद्यावर अक्षर वा आकडा दिसत असेल, तर त्याचा अर्थ यंत्रासोबतच्या पुस्तिकेत असतो.

येथे घरच्या माणसाची हद्द संपते. मागचे पत्र्याचे झाकण उघडू नये. मोटरच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते, शिवाय हमीची मुदत चालू असेल तर ती हातची जाऊ शकते. यंत्राला हात लावताच झिणझिण्या येणे, जळका वास किंवा एमसीबी पुन्हा पुन्हा पडणे, ही धोक्याची चिन्हे होत. एमसीबी पुन्हा चढवत बसणे किंवा तिच्या जागी अधिक क्षमतेची बसवणे म्हणजे आगीला आमंत्रण. झिणझिण्यांचे कारण बहुधा अर्थिंगमध्ये असते. ते परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. यंत्र एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नये. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घरात असावी आणि तिचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. कोणाला धक्का बसलाच, तर त्याला हात न लावता मेन स्विच बंद करावा आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मेकॅनिक बोलावतानाही एक सावधगिरी हवी. कंपनीचा तक्रार क्रमांक बिलावरून वा हमीपत्रावरूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या बनावट क्रमांकावरचा गोड आवाज नोंदणीसाठी किरकोळ रक्कम मागतो, मोबाइलमध्ये एखादे अॅप घ्यायला लावतो आणि ओटीपी विचारतो. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बँकेला कळवण्यास जितका उशीर, तितके नुकसान ग्राहकाच्या माथी पडण्याची शक्यता अधिक.

मेकॅनिकच्या फेरीचे काही शे रुपये वाचले, तर समाधान जरूर असावे. परंतु ज्या दुरुस्तीत जीव पणाला लागतो, तिच्यातील बचत ही जमेची बाजू नव्हे. फिल्टर घरच्यांनी उघडावा, झाकण मेकॅनिकने. आणि दोघांनीही आधी प्लग काढावा.