विचार करायला शिकवणारा प्रशिक्षक

खेळाडूंचे विक्रम नोंदले जातात. प्रशिक्षकाचे श्रम मात्र बहुधा इतरांच्या विजयात विरून जातात. प्रशिक्षकांना वाहिलेल्या या अंकाच्या आरंभी वेल्सच्या कार्विन जेम्स यांचे स्मरण म्हणूनच अगत्याचे वाटते.

१९२९ साली खाणकामगाराच्या घरी जन्मलेले जेम्स वेल्श भाषा-साहित्याचे शिक्षक होते. वेल्सकडून ते रग्बीचे अवघे २ सामने खेळले. मात्र १९७१ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली ब्रिटन व आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या ब्रिटिश लायन्स संघाने न्यूझीलंडमध्ये २-१ अशी मालिका जिंकली. तिथे लायन्सना मिळालेला हा आजवरचा एकमेव मालिकाविजय. पुढच्याच वर्षी त्यांच्या लनेथली क्लबने बलाढ्य ऑल ब्लॅक्सना, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाला, ९-३ असे नमवले. हुकूम सोडण्यापेक्षा खेळाडूंना प्रश्न विचारावेत, त्यांचे ऐकावे आणि मैदानावरचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा, ही त्यांची रीत होती.

मूल्यांशी त्यांनी तडजोड केली नाही. १९७० साली वर्णद्वेषी राजवटीतला दक्षिण आफ्रिकेचा संघ आला, तेव्हा त्यांनी लनेथलीची तयारी करून घेतली. सामना पाहण्यास मात्र नकार दिला. राष्ट्रीय प्रशिक्षकपदासाठी संघनिवडीचे अधिकार त्यांना हवे होते. ते मिळण्याची चिन्हे नसल्याने त्यांनी आपले नाव मागे घेतले. वेल्सने आपल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाला राष्ट्रीय संघ कधीच सोपवला नाही, ही चूकच होती. प्रशिक्षकाकडून यशाची अपेक्षा करणाऱ्या प्रत्येक संघटनेने त्याला अधिकार आणि विश्वासही द्यायलाच हवा.